न छाटलेले कांचन

गल्लीच्या तोंडाशी सलून आणि त्यामागे दोन खोल्या, एवढाच त्याचा संसार. मागच्या अंगणात बायकोने रानातून आणून लावलेले कांचन होते. ते पुरुषभर उंच झाले तेव्हापासून, हिवाळ्यात पाने गळून फांद्या उघड्या पडल्या की, सलूनवाला स्टुलावर चढून त्याची छाटणी करी. गिऱ्हाइकाच्या मानेवर एक केस पुढेमागे राहिलेला त्याला खपत नसे, मग झाडाचे शेंडे कसे खपावेत? झाड गोल, रेखीव दिसे. फूल मात्र त्याला कधी आले नाही. मातीच वाईट, असे शेजारी ठामपणे सांगत. त्याच मातीत त्यांची स्वतःची झाडे फुलत होती, याचा विचार कोणी केला नव्हता.

बायकोचे दुखणे हाताबाहेर गेले आणि डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितले. तिने एकच गोष्ट बोलून दाखवली, कांचन एकदा फुललेले बघायचे होते. शुश्रूषेला तिची धाकटी बहीण आली. एका सकाळी तिला भावजी स्टुलावर दिसले.

"काय चाललंय, भावजी?"

"हजामत. दरवर्षीची."

"उतरा खाली. कळ्या याच शेंड्यांवर धरतात. दरसाल फुलंच कापत आलात तुम्ही."

"मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही?"

"ताई काय बोलणार? घरात कात्री तुमची."

तो स्टुलावरून उतरला.

झाड अस्ताव्यस्तच राहिले. "उस्ताद, घरच्यांचे केस वाढले की," अशी गिऱ्हाइके कोपरखळी मारीत. फांद्यांवर करड्या कळ्या धरल्या होत्या, आणि आत बायकोचे खाणे दोन घासांवर आले होते. जन्मभर 'पाच मिनिटांत सोडतो' म्हणणाऱ्या त्या माणसाला कळीपुढे काही चालवता येईना.

अखेर उघड्या फांद्यांवर फिकट गुलाबी फुले उमलली. बहर ओसरण्याआधीच बायको गेली; पण फुले उमलली त्या सकाळी मेहुणीने आणि त्याने मिळून तिची खाट मागच्या दारापर्यंत आणली होती. ती बराच वेळ पाहत राहिली.

"केवढं माजलंय, अहो. बरं नाही दिसत."

"दिसू दे," तो म्हणाला, आणि खाट आणखी थोडी पुढे सरकवली.