सुभेदार काका आणि रबरी रिंग

सुभेदार काका पहिल्या भेटीत नाव विचारत नसत, वजन विचारत. तेही बॅग, हेल्मेट आणि पाण्याच्या बाटलीसकट. "खरं सांग लेका, सायकलपुढे खोटं चालत नाही." सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा साताऱ्याकडचा माणूस दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत मुलीकडे राहायचा आणि खालच्या पार्किंगमध्ये आम्हा हौशी मंडळींच्या डोंगरी सायकली हौसेनेच दुरुस्त करायचा.

मागच्या चाकाचं सस्पेन्शन मला त्यांनीच समजावलं. मागचा सांगाडा बिजागरीवर हलतो. चाक दगडावर चढलं की तो वर येऊन मधल्या शॉकला दाबतो. शॉकमधली हवा स्प्रिंगचं काम करते आणि तेल तिला एकदम उसळू देत नाही. मी म्हणालो, "म्हणजे गादीच की!" काका उखडले. "गादी काय! चाक जमीन सोडू नये म्हणून आहे ते. तू नुसता बसलास तरी शॉक पाव भाग दबला पाहिजे, तरच चाक खड्ड्यात उतरेल." मग शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग शॉकच्या नळीच्या कडेला टेकवून आपल्याला अलगद बसवायचे, उतरवायचे आणि रिंग किती सरकली ते पट्टीने मोजायचे. पट्टी कायम खिशात.

इतकं करून स्वतः मात्र डोंगरात कधी गेले नव्हते. मीच माझी सायकल देऊन आग्रह केला. आदल्या संध्याकाळी शॉकची हवा भरायचा-काढायचा आपला पंप माझ्या हातात देत म्हणाले, "तू चौऱ्याऐंशी किलो, मी अठ्ठावन्न. हवा कमी करून आण." मी विसरलो नाही, कंटाळा केला. सकाळी आम्ही सगळे अरवलीत पोचल्यावर त्यांनी विचारलं, "हवा काढलीस?"

"हो, बिल्कुल."

आता पट्टी निघणार आणि मी पकडला जाणार, असं वाटलं. पण ती निघालीच नाही. "शिकवलेल्या माणसाचं परत काय तपासायचं? चलो!" म्हणाले आणि निघालेसुद्धा.

तिसऱ्या उतारावर मागचं चाक दगडावरून उसळलं आणि काका हँडलवरून पुढे फेकले गेले. उजवं मनगट मोडलं. मी धावत पोचलो तेव्हा ते शॉककडेच बघत होते. रिंग जेमतेम हलली होती, म्हणजे शॉक दबलाच नव्हता. बाकीचे यायच्या आत त्यांनी डाव्या हाताने ती शेवटपर्यंत सरकवली. "पुढचा ब्रेक जास्त दाबला मी," सगळ्यांना सांगितलं. मुलीलाही तेच. मी शेजारी उभा राहून मान डोलावली, याची मला आजही लाज वाटते.

मनगट पुन्हा पूर्ण वळलं नाही. हातात पाना ठरेना, तेव्हा काका गावी परतले. ते जाताना मी पंप परत द्यायला गेलो तर घेतला नाही. "राहू दे तुझ्याकडे. लागेल."

अजून फोन करतात. तब्येतीचं बोलून झालं की विचारतात, "हवा बघतोस ना?" मी हो म्हणतो. आता ते खरंच असतं. ते लगेच मानतात. मला वाटत राहतं, एकदा तरी त्यांनी म्हणावं, "थांब, पट्टी लावून बघतो."