गोळीनं उठलेले डाग

सहावीत असताना माझं काळीज सारखं पळत असायचं. बसल्या जागी घाम फुटायचा, हात थरथरायचे, पोटभर खाऊनही अंगाला लागत नसे. केजच्या डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त तपासलं. थायरॉईड वाढलं होतं. गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू सगळं निवलं. मी पुन्हा वडिलांसोबत मेंढरांमागं माळावर जाऊ लागले. गवतात पडून ढग बघताना जमीनच सरकतेय असं वाटायचं.

वर्षभरानं पायांवर जांभळे ठिपके उठले. बोटानं दाबले तरी फिके पडत नसत. मी ते नुसतीच बघत बसायचे.

"काटं लागलं आसतील," वडील म्हणाले.

मग घोटे सुजले, ताप आला. एका सकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली आणि आई घाबरली. मेंढरं चुलत्यावर सोपवून आम्ही एसटीनं शहरातल्या दवाखान्यात निघालो. तापात मला खिडकीबाहेरची ज्वारी पाण्याखाली डुलल्यासारखी दिसत होती.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठिपके पाहिले, रक्त-लघवी तपासली आणि आईकडून गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं.

"ही आजपासून बंद."

"हिनंच तर पोरगी बरी झालती," वडील म्हणाले. "मग कावून बंद?"

"बरी झाली ते खरंच. पण हिच्यामुळंच आता रक्तवाहिन्यांना सूज आलीय. मूत्रपिंडालाही त्रास होतोय. क्वचित एखाद्या लेकराला होतं असं."



सूज उतरवायची औषधं सुरू झाली. ठिपके पिवळे पडत विरून गेले, लघवी निवळली. पण जुनी गोळी सुटल्यावर काळीज पुन्हा पळायला लागलं. ते आवरायला वेगळं औषध होतं, तरी आई माझ्या छातीवर तळवा ठेवून बसायची. त्या उबेत मी जागी आहे की झोपेत, हेच कळायचं नाही. शेवटी गळ्याचं ऑपरेशन करून थायरॉईडची ग्रंथीच काढून टाकायचं ठरलं. आवाज बसू शकतो, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा वडील वाकून उभे होते.

"मला हाक मार बरं."

"दादा," मी म्हणाले. आवाज घोगरा होता, पण निघाला.

"बास. आता बोलू नको," म्हणाले, आणि पाठ फिरवून बराच वेळ खिडकीशी उभे राहिले.

आता मी कॉलेजात आहे. मूत्रपिंडं चांगली आहेत. काढलेल्या ग्रंथीचं काम करणारी एक बारीक गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेते, आणि ती मला मानवलीय.