मावशीच्या खांद्याचं माप

माझी मावशी पडदे शिवते. नुसती दुकानात बसून शिवत नाही. लोकांच्या घरी जाऊन खिडकी मोजते, कापड निवडून देते, आणि शेवटी स्वतः स्टुलावर चढून पडदा टांगते. टांगायचं काम ती कुणाच्या हाती सोपवत नाही. काका, म्हणजे तिचा नवरा, तीस वर्षं ते स्टूल धरून उभे आहेत, पण तिने त्यांच्या हातात आजवर एक हूकसुद्धा दिलेला नाही. काकांनी टांगलेला पडदा मान मोडल्यासारखा दिसतो, असं तिचं म्हणणं. आमच्या घरी त्यांनी एकदा हौसेने एक टांगला होता, तेव्हापासून माझंही तेच म्हणणं आहे.

गल्लीत तिला सगळे टेपमावशी म्हणतात. मोजायची टेप कायम गळ्यात. घरच्या एकूण एक फोटोत ती टेप आहे, अगदी माझ्या पदवीच्या फोटोतही. आणि मापाच्या बाबतीत ही बाई म्हणजे हद्द आहे. एकदा एका गिऱ्हाइकाचे चौदा पडदे अर्ध्या इंचाने आखूड झाले. गिऱ्हाइकाला पत्ताही नव्हता, उलट ते खूश होते. मावशीने चौदाही उतरवले, घरी आणले, उसवले आणि पुन्हा शिवून दिले. वर दोन दिवस काकांशी बोलली नाही, कारण त्या दिवशी टेपचं दुसरं टोक काकांनी धरलं होतं.

तर अशा मावशीचा उजवा खांदा दुखायला लागला. हात खाली असला की काही नाही, पण वर नेताना खांद्याच्या पातळीला आला की जीवघेणी कळ. दोन महिने तिने कुणाला सांगितलं नाही. आधी दोष उशीला दिला, मग गादीला, मग गादी ज्यांनी आणली त्या काकांना. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात हात अर्ध्यावर अडकला आणि अख्खा पडदा काकांच्या डोक्यावर पडला. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, दोन पलंग, एक मोठा आरसा, भिंतीला टांगलेले रंगीत रबरी पट्टे आणि एक मशीन, एवढं माझं राज्य. हाडांच्या डॉक्टरांनी मावशीला तपासून निदान केलं होतं की खांद्याच्या वरच्या हाडाखाली स्नायूचा दोर चिमटतोय. सहा आठवडे व्यायाम आणि मशीन, मग पुन्हा बघू, असं ते म्हणाले. तेवढ्यावर गप्प बसायला काय हरकत होती? पण पेशंटला धाक घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी म्हटलं, हात किती इंच वर जातो तो आकडा वाढला नाही तर ऑपरेशन, मग सहा महिने स्टूल विसरायचं. तिने हळूच विचारलं, "आणि दुकान?" मी म्हटलं, "कसलं दुकान घेऊन बसलीस."

मशीनची तिला आधी भीती वाटली, मग ते फारच आवडलं. खांद्याच्या मागच्या बाजूला दोन पॅड चिकटवायचे, करंट हळूहळू वाढवायचा. मुंग्या येतात आणि मग झोपलेला स्नायू आपोआप आवळतो. दहा सेकंद आवळायचं, वीस सेकंद सोडायचं. हाताच्या हाडाचा गोळा जो स्नायू खाली दाबून धरतो, तो आळशी झाला की गोळा वर सरकतो आणि दोर चिमटतो. म्हणून त्या आळशाला जागं करायचं. मी तिला बजावलं होतं की करंट आला की तूही मनाने जोर लाव, खांद्यामागचं पातं मागे आणि खाली ओढ, नाहीतर जागं होईल ते नुसतं मशीन. ती मान डोलवायची आणि दोन मिनिटांत घोरायची.

घरचा व्यायाम म्हणजे दाराच्या कडीला रबरी पट्टा अडकवून ओढणं, आणि भिंतीवर बोटं चालवत हात दुखेल तिथपर्यंत नेणं. जिथे थांबला तिथे खडूची खूण करायची आणि जमिनीपासून इंच मोजायचे. पहिल्या दिवशी बावन्न इंच. खुणेचं काम मी बिनधास्त तिच्यावर सोपवलं. टेपमावशीच्या मापावर शंका घ्यायची माझी काय टाप होती? दर सोमवारी ती आकडा सांगायची आणि मी लिहून घ्यायचे. सत्तावन्न. बासष्ट. तिसऱ्या आठवड्यात सहासष्ट. मी सगळ्या पेशंटना ती गोष्ट सांगत सुटले. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. तिला अजून उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं.

एका दुपारी एक पेशंट आला नाही, म्हणून मी मावशीला जरा कडक पट्टा द्यायला दुकानात गेले. दुकानात पुढे नमुन्याचे पडदे टांगलेले असतात, कामाचं टेबल त्यांच्या मागे. पडदा बाजूला केला तर काका गुडघ्यावर बसून टेपचं टोक जमिनीला लावून धरलेले, आणि मावशी भिंतीला चिकटलेली. टाचा दोन बोटं वर. खांदा कानातल्या कुडीला टेकलेला. सगळं अंग एका बाजूला झुकलेलं, शेजारच्या घरात डोकावल्यासारखं. काका म्हणाले, "साडेसहासष्ट," आणि वहीत लिहिलं.

"मावशी, टाचा खाली."

ती खाली आली. मी तिच्या गळ्यातली टेप काढून घेतली, जे आजवर कुणी केलं नव्हतं. तिचा खांदा एका हाताने दाबून धरला आणि तिला हात पुन्हा वर न्यायला लावला. चोपन्न इंच. तीन आठवड्यांत दोन इंच. काका छताकडे बघायला लागले.

मग मी तोंड सोडलं. गिऱ्हाइकाचा अर्धा इंच चुकला तर चौदा पडदे उसवतेस आणि स्वतःच्या खांद्याला साडेबारा इंचांनी फसवतेस, असं बरंच काही. ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसून ऐकत राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, "तूच म्हणालीस ना, आकडा वाढला नाही तर ऑपरेशन. मग वाढवला."

मी काही बोलणार, तेवढ्यात तिने विचारलं, "दुकान बंद झालं तर मी सकाळी उठून काय करू, तेवढं सांग."

 मला मनापासून लाज वाटली. धाक मी घातला होता, तिने फक्त त्या धाकाप्रमाणे माप कापलं होतं. मी तिच्याशेजारी गठ्ठ्यावर बसले आणि कबूल केलं की ऑपरेशनचं मी उगाच वाढवून सांगितलं. डॉक्टरांनी फक्त बघू म्हटलंय. ती म्हणाली, "बरं झालं बोललीस," आणि मला चहा दिला.

दुसऱ्या दिवसापासून सगळं चोपन्नवरून सुरू केलं. मशीन चालू असताना झोपायचं नाही. करंट आला की पातं मागे ओढायचं आणि त्याच वेळी पट्टा ओढायचा. घरी काकांना काम दिलं: मावशीच्या खांद्यावर तळहात ठेवून उभं राहायचं आणि खांदा वर उचलला गेला की "खांदा" म्हणायचं. तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यावर हुकूम चालवायला मिळाला, काकांना आभाळ ठेंगणं झालं. ती कणीक मळताना "खांदा", भाजी चिरताना "खांदा". तिने एकदा लाटणं उगारलं तेव्हाही काका म्हणाले, "खांदा."

आकडा गोगलगायीसारखा सरकला. पंचावन्न. छप्पन्न. छप्पन्नवर पाच दिवस अडला, आणि त्या पाच दिवसांत ती कुणाशी धड बोलली नाही. मग अठ्ठावन्न, एकसष्ट. एका सकाळी ती उजव्या कुशीवर झोपून उठली आणि ही बातमी द्यायला तिने मला फोन केला तेव्हा मी दात घासत होते. सहाव्या आठवड्याच्या शेवटी चौसष्ट झाले. आमच्या जुन्या खोट्या आकड्याहून कमी, पण खरे.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर त्या दिवशी अकरा माणसं ताटकळत होती. डॉक्टर घाईत होते. कागदावरून नजर न उचलता त्यांनी हात वर करायला सांगितलं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते, काका दाराशी. मावशीचा हात वर निघाला. जिथे पूर्वी ती किंचाळायची ती जागा ओलांडून पुढे गेला आणि कानाच्या थोडं अलीकडे थांबला. नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी वर पाहिलं.

"पूर्ण वर?" ते म्हणाले.

 एवढंसं राहिलंय, खांदा जरा उचलला की झालं. आणि मी, जिने तिला एवढं सुनावलं होतं, डॉक्टरांच्या मागून भुवया उंचावून तिला खूण केली. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"हात इथपर्यंतच येतो," ती डॉक्टरांना म्हणाली. "यापुढे खांदा मदत करतो, ते धरायचं नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. उठून तिच्या मागे गेले, पुन्हा तीनदा हात वर करायला लावला, वरून दाबून पाहिला, आत-बाहेर वळवून पाहिला. दुखतं का, विचारलं. नाही म्हणाली. मग त्यांनी सांगितलं की ऑपरेशनची काही गरज नाही, व्यायाम आणखी तीन महिने चालू ठेवा, पडदेही टांगा. फक्त स्टूल उंच घ्या, म्हणजे हात छातीसमोर राहतील. किती उंच, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, असंच जरा उंच. मावशीने त्यांना तसं सोडलं नाही, इंच सांगायला लावले.

बाहेर आल्यावर मी तिला घट्ट मिठी मारली. डोळे भरून आले होते माझे. तिने मला थोडा वेळ मारू दिली, मग बाजूला केलं.

"भुवया कशाला उडवत होतीस?"

"मी? कधी?"

"डॉक्टरांच्या मागे उभी राहून."

काका पुन्हा छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मावशी, मला वाटलं, एवढ्याशाने अडलं तर..."

"घाबरलीस. मीपण घाबरले होते." तिने गळ्यातली टेप सरळ केली. "पण यापुढे मापात मी कुणाचंच ऐकणार नाही, तुझंही नाही. उद्या सातला येते. मशीन मोकळं ठेव."

मी सातच्या पेशंटला फोन करून आठला बोलावलं.