झाकलेला ग्लास

रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात एसीच्या जाळ्या साफ करायला तो दर महिन्याला येतो. शिडीवर चढण्याआधी नाकाला रुमाल बांधतो आणि प्रत्येक टेबलाशी थांबून सांगतो, "जाळी काढून राहिलो जी, पाणी झाका."

परवा मी फोनवर बोलत होतो, लक्षच दिलं नाही. त्यानं नाकावरचा रुमाल सोडला, माझ्या ग्लासवर पसरला आणि उघड्या नाकानं सगळी धूळ अंगावर घेतली. काम संपल्यावर रुमाल उचलून खोकत खोकत बाहेर गेला.

मी लगेच ते पाणी कुंडीत ओतलं. वर पाहिलं तर तो दारात उभा, विसरलेला पेचकस न्यायला आलेला.

"बरं केलं साहेब," तो म्हणाला, "धूळ पडली असन."

धूळ कुठून पडणार होती? ग्लास त्यानंच तर झाकला होता.