बाळ ट्रकमध्ये आणि मी चार्जवर

दुपार झाली तरी ट्रक आला नव्हता. जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, म्हणजे आमचे साहेब, औषधांच्या कपाटापुढं उभे राहून एकेक बाटली उजेडात धरून बघत होते. जुने डॉक्टर स्टॉक वाचून दाखवत होते आणि मी मान डोलवत होते. लक्ष सगळं खिडकीबाहेर. खिडकीतून सेंटरकडं येणारा मातीचा रस्ता दिसायचा. त्यावरून मेंढरांचा एक कळप गेला, एक सायकल गेली. ट्रक नाही.

त्या ट्रकमध्ये माझा सगळा संसार होता. लोखंडी कॉट, पाळणा, भांड्यांची पोती, पुस्तकांची ट्रंक. पुढं केबिनमध्ये माझे यजमान आणि सासूबाई, आणि सासूबाईंच्या मांडीवर माझी तीन महिन्यांची मुलगी.

बहात्तरचा दुष्काळ संपून दोनेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी सरकारी डॉक्टर. सातारा जिल्ह्यात पाटणच्या डोंगरातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून माझी बदली सांगली जिल्ह्यात झाली, तीही कवठे महांकाळच्या पुढं. तिकडं पावसाळाभर कपडे वाळायचे नाहीत. इकडं कपडे भिजवायलाच पाणी नव्हतं. बाळंतपणाची रजा संपली आणि त्याच आठवड्यात ऑर्डर हातात पडली.

नव्या जागेचा चार्ज घ्यायचा म्हणजे जाणाऱ्या डॉक्टरांनी औषधं, हत्यारं, किल्ल्या आपल्या ताब्यात द्यायच्या आणि दोघांनी सह्या करायच्या. जुने डॉक्टर पुढच्या शिक्षणाला निघाले होते. त्यांना संध्याकाळची रेल्वे गाठायची होती. त्यामुळं हे काम त्याच दिवशी उरकायचं होतं, आणि त्यासाठी जिल्ह्याहून साहेब स्वतः येणार होते.

ट्रक आदल्या संध्याकाळी येऊन भरायचा होता. तो उगवला पहाटे. मला पहिली एसटी गाठायची होती. मी म्हणाले, बाळाला मी घेऊन जाते, तुम्ही सामान भरून मागून या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांना ते पटलं नाही. एवढ्या उन्हात दोनदा एसटी बदलायची, गर्दीत पोर घुसमटायचं. आणि तिथं गेल्यावर पहिल्याच दिवशी साहेबापुढं काखेत पोर घेऊन उभी राहणार का, असं त्यांनी विचारलं. यजमानही म्हणाले, ट्रक कुठं बदलायचा नाही, केबिनमध्ये वारं लागेल, तुझ्या मागोमाग पोचतो आम्ही. मला ते बरोबर वाटलं. खरं सांगायचं तर साहेबापुढचा मुद्दा मला जास्त बरोबर वाटला. त्या जिल्ह्यात बाई डॉक्टर थोड्या होत्या. आल्या आल्या कुणी "ही पोर सांभाळणार का पेशंट" असं म्हणायला नको होतं. मी मुलीला पोटभर पाजलं, थर्मासमध्ये उकळलेलं दूध आणि एक बाटली आत्याबाईंकडं दिली आणि एसटीत बसले.

आता दुपार टळायला आली होती. अंगावर पाजणारी बाई मुलापासून इतका वेळ लांब राहिली की काय होतं हे बायकांना सांगायला नको. पुरुषांसाठी सांगते. छाती दगडासारखी घट्ट होते. ठणका काखेपर्यंत जातो. हात वर उचलवत नाही. साहेब वरच्या फळीवरची बाटली काढायला सांगत होते आणि मी दात आवळून ती काढत होते.

कपाट झालं. आम्ही व्हरांड्यात आलो. बाकावर दहा-बारा पेशंट बसले होते, नवी डॉक्टर बघायला म्हणून गावातली पाच-सहा माणसं उभी होती. साहेब मला सेंटरखाली कुठली कुठली गावं येतात ते सांगायला लागले. तेवढ्यात एक बैलगाडी फाटकातून आत आली.

गाडीत वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी घोंगडीवर आडवी पडली होती. तिचं नाव शालन. बाळंतपणाला माहेरी आलेली. तिची आई शेजारी बसली होती आणि तिच्या हातात दीड-दोन महिन्यांचं पोरगं होतं. ते रडत होतं, पण आवाज बसलेला. नुसती घरघर. मी गाडीजवळ गेले.

"बाई, दोन दिस झालं, पोरगं प्यालं न्हाई," शालनची आई म्हणाली. "हिला थंडीताप हाय. छातीला हात लावू दीना."

पोरगं पुन्हा रडलं. आणि माझा पान्हा फुटला.

इंग्रजी पुस्तकात याला रिफ्लेक्स म्हणतात. म्हणजे शरीर आपल्याला न विचारता जे करतं ते. तान्ह्या बाळाचं रडणं कानावर पडलं की दूध वाहायला लागतं. बाळ कुणाचं, हे शरीर बघत नाही. मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण बाकावरच्या दहा-बारा पेशंटांसमोर, गावातल्या माणसांसमोर आणि साहेबांसमोर ब्लाउज आणि पातळ दोन्ही भिजत गेलं, तेव्हा मला त्यातलं काही आठवलं नाही. पदर ओढून घेतला तर पदरही भिजला. अॅप्रन ट्रकमध्ये होता.

साहेब बोलता बोलता थांबले. मग भिंतीवरचा देवीच्या लसीचा तक्ता पहिल्यांदाच बघितल्यासारखे वाचायला लागले. बाकावरच्या दोन बायकांनी एकमेकींकडं बघितलं. एक म्हातारा मात्र टक लावून बघत राहिला. जमीन दुभंगावी म्हणतात ते मला तेव्हा कळलं. सेंटरची सिस्टर हुशार होती. तिनं धुतलेली चादर आणली, माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "मॅडम, पेशंट आत घेते."

शालनला अॅब्सेस होता. म्हणजे स्तनात पू धरलेलं गळू. डावी बाजू लालभडक, तापलेली. यावर औषधानं भागत नाही. छेद देऊन पू काढावा लागतो. जागा बधिर करून मी छेद दिला. बराच पू निघाला. शालननं सिस्टरचं मनगट धरलं होतं, ते नंतर निळं पडलं. मी आत कापडाची वात भरली, पट्टी बांधली. मी हात धुतले.

पोरगं अजून रडत होतं. शालनची उजवी बाजू चांगली होती, पण तापाचं दूध बाधतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून तिकडंही पाजलं नव्हतं, आणि आता ती गुंगीत होती. सिस्टरनं साखरपाणी चमच्यानं घालून बघितलं. ते ओघळून बाहेर आलं. दुधाची पावडर कालवून बघितली. त्यानं तोंडच मिटून घेतलं. मी टाळूवर हात ठेवला. टाळू खोल गेली होती. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. तालुक्याला न्यायचं तर साहेबांच्या जीपनंही बराच वेळ जाणार होता.

मी सिस्टरला म्हणाले, त्याला इकडं द्या आणि पडदा ओढा.

त्यात दया किती होती आणि माझी स्वतःची कळ किती, हे मला आजही सांगता येत नाही. पोरगं छातीला लागलं आणि पहिल्या दोन-चार घोटांतच माझा ठणका उतरला. इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. कान रस्त्याकडं होते. माझी मुलगी कुठंतरी उन्हात होती आणि तिचं दूध मी दुसऱ्याला देत होते.

पडदा हलला. शालनची आई आत आली, तिनं बघितलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ती काय म्हणणार या भीतीनं मी खाली मान घातली.

"पाजा तुमी," ती म्हणाली. "मी बसती हितं." आणि पडद्याला पाठ लावून ती खाली बसली.

पोरग्यानं दोन्ही बाजू रिकाम्या केल्या आणि ते झोपलं.

मी बाहेर आले तेव्हा पेशंट पांगले होते. साहेब टेबलाशी बसले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं. त्यांनी सह्यांचे कागद पुढं केले. मी सह्या केल्या. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, इथं तुम्ही मेडिकल ऑफिसर आहात. गावात याची चर्चा होईल."

"हो सर."

"तुमचं मूल कुठं आहे?"

"ट्रकमध्ये."

"ट्रकमध्ये?"

त्यांनी तो शब्द फक्त परत उच्चारला. रागावले नाहीत. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. मी सगळं सांगितलं, ट्रक उशिरा आला, एसटी, ऊन. सांगताना प्रत्येक वाक्य सबबीसारखं वाटत होतं. ते ऐकून घेऊन उठले, ड्रायव्हरला बोलावलं आणि तासगावच्या रस्त्यानं जीप घेऊन जा, ट्रक दिसेपर्यंत जा म्हणाले. स्वतः व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. जुने डॉक्टर साहेबांच्या जीपनं स्टेशनला जाणार होते, त्यांना शेवटी एसटीनं जावं लागलं.

दिवेलागणीला जीप परत आली. ट्रकचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, कडेगावच्या पुढं तुटला होता. दुसरा पाटा मिळवून बसवेपर्यंत दिवस गेला. यजमान सामानापाशी थांबले होते. जीपमधून आत्याबाई उतरल्या. पातळ धुळीनं लाल झालेलं. मुलगी हातात. थर्मासमधलं दूध उन्हानं नासलं होतं. वाटेत एका वस्तीवर शेळीचं दूध मिळालं, ते त्यांनी कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजलं होतं. साहेब आत्याबाईंना नमस्कार करून त्याच जीपनं निघून गेले.

क्वार्टरमध्ये सामान नव्हतं. सिस्टरनं वॉर्डातली एक कॉट दिली होती. वॉर्ड म्हणजे एकच खोली. समोरच्या कॉटवर शालन आणि तिचं पोरगं झोपलं होतं. मी मुलीला छातीला लावलं. तिनं अधाशासारखं ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं आणि किंचाळायला लागली. मी बाजू बदलली. तेच.

"आगं, सकाळधरनं पाजलं न्हाईस," आत्याबाई म्हणाल्या. "वाहून जायला पायजे. गेलं कुठं दूध?"

मला खोटं बोलता आलं असतं. उन्हानं आटलं म्हटलं असतं तर चाललं असतं. पण समोर ते पोरगं पोट भरून झोपलेलं. मी त्याच्याकडं बघून म्हणाले, "त्याला पाजलं."

आत्याबाईंनी तिकडं बघितलं. मग माझ्या मांडीवरच्या मुलीकडं.

"आपलं उपाशी ठिवून?" एवढंच विचारलं त्यांनी.

मी भांडंभर पाणी प्यायले, सिस्टरच्या घरची भाकरी खाल्ली आणि मुलीला पुन्हा पुन्हा लावत राहिले. ती ओढत राहिली तसं थोडं थोडं यायला लागलं. तेवढ्यात समोरचं पोरगं जागं झालं आणि रडलं. शालननं उठायचा प्रयत्न केला. तिला जमलं नाही. सिस्टर माझ्याकडं बघायला लागली. शालनची आईही. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या.

मी उठले नाही. मुलीच्या तोंडाकडं बघत बसले, जसं काही मला ऐकूच आलं नाही. त्याच्या रडण्यानं मला पुन्हा पान्हा आला आणि तो माझ्या मुलीनं प्यायला. तिकडं सिस्टरनं चमच्यानं पावडरचं दूध घातलं. आता त्याच्यात जीव आला होता, ते गिळायला लागलं. मग शालनच्या आईनं तिला कुशीवर वळवून चांगल्या बाजूनं लावून दिलं. त्या दिवसात मला कितीतरी वेळा शरम वाटली, पण दुपारी पाजलं त्याची जास्त की संध्याकाळी उठले नाही त्याची, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी आला. शालनची जखम रोज ड्रेसिंग करत करत भरली. ती चांगल्या बाजूनं पाजत राहिली आणि पोरगं बाळसं धरूनच गेलं. साहेब म्हणाले तशी चर्चा झालीच. बाया तपासायला यायच्या आणि तपासून झालं तरी माझ्याकडं बघत बसायच्या. एकीनं आपलं पोर पुढं करून हसत विचारलंही, ह्यालाबी पाजता का. मी हसले नाही. नंतर वाटलं, हसायला हवं होतं.

आत्याबाई आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. पण रोज शेपूची भाजी आणि अळिवाची खीर ताटात पडायची. सिस्टरनं सांगितलं, पाण्याच्या टाकीवर बायकांनी त्यांना तुमच्या सुनेनं असं का केलं म्हणून विचारलं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "माज्या सुनंला दोन लेकरांचं दूध हाय. तुमचं काय जातंय?" घरी मात्र त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

पुढं नोकरीत आणखी बदल्या झाल्या. हाताखालच्या सिस्टर, ओळखीच्या शिक्षिका बदली झाली की सल्ला विचारायच्या. कपबशा कशात गुंडाळाव्यात, पाळणा सोडवून न्यावा की तसाच. त्यातलं मला फारसं कळत नाही. मी त्यांना एकच सांगायचे, पाजणारी आणि पिणारं एकाच गाडीतून न्या. चार्ज दुसऱ्या दिवशीही घेता येतो.