जिने गाडी चालवलीच नव्हती

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या पोलीस स्टेशनातल्या कितीतरी केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही मात्र तशीच लख्ख आहे, कारण तिच्यातली चूक माझी होती.

सकाळची शिफ्ट. आमचे सार्जंट नेहमीप्रमाणे स्वतः सगळ्यांचे मग भरत होते. त्या कडक चहाची चव अजून जिभेवर आहे. तेवढ्यात फ्रंट डेस्कवरून निरोप आला, म्हणून बाहेर गेलो. तिशीतली नर्स, मूळची नागपूरची. माझ्या बॅजवरचं आडनाव वाचून ती थेट मराठीत बोलू लागली.

"सर, ड्रायव्हिंग शिकायचं म्हणून लायसन्ससाठी अर्ज केला, तर माझ्या नावावर आधीच दंडाचे सहा पॉइंट आहेत म्हणे. विनाइन्शुरन्स गाडी चालवली म्हणून कोर्टानं मला दोषी ठरवलंय. मी आजवर स्टिअरिंगसुद्धा धरलेलं नाही."

या देशात कायम राहण्यासाठी ती अर्ज करणार होती. त्यात हा गुन्हा लिहावा लागला असता.

रेकॉर्ड काढलं. गाडी थांबवणारा अधिकारी मीच होतो. नोटबुकात अक्षर माझं. त्या दुपारी निळ्या गाडीतल्या बाईकडे कागदपत्रं नव्हती. तिनं नाव, जन्मतारीख, पत्ता न अडखळता सांगितला. माझी ड्यूटी संपत आली होती. पडताळणी न करता मी ते लिहून घेतलं. समोर उभी असलेली ही बाई ती नव्हती.

"या पत्त्यावर तुमच्याबरोबर कोण राहायचं?" मी विचारलं.

"एक मैत्रीण. मी घर सोडलं, ती तिथेच राहिली."

"तिला तुमची जन्मतारीख माहीत होती?"

"माझ्या वाढदिवसाला केक तीच आणायची," ती म्हणाली.

कोर्टाची पत्रं त्याच जुन्या पत्त्यावर गेली होती. उत्तर न आल्यामुळे निकाल तिच्या गैरहजेरीत लागला होता. नोटबुकातल्या नंबरवरून गाडी शोधली, ती मैत्रिणीच्या नवऱ्याची निघाली.

मी स्वतः साक्षीदार, त्यामुळे चौकशी माझ्या सहकारिणीनं केली. वकील शेजारी, रेकॉर्डिंग चालू. मैत्रीण अर्धा तास नाकारत राहिली. मग सहकारिणी शांतपणे म्हणाली, "तुम्हाला थांबवणारे अधिकारी अजून इथेच काम करतात. ओळखपरेड ठेवू या?" मैत्रिणीनं कबुली दिली. तिच्या लायसन्सवर आधीच दंडाचे पॉइंट होते; आणखी पडले असते तर ते गेलंच असतं. "पत्रं येतील ती फाडून टाकू, मग संपेल असं वाटलं," ती म्हणाली.

पण निकाल आपोआप रद्द होत नाही. खटल्याची माहितीच नव्हती, असं शपथेवर सांगणारं प्रतिज्ञापत्र, निकाल कळल्यापासून एकवीस दिवसांत कोर्टात द्यावं लागतं. नर्सनं ते मॅजिस्ट्रेट्ससमोर वाचलं. दोषसिद्धी रद्द झाली. तरी खटला संपला नव्हता, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार होता. तो मागे घेतला जावा म्हणून मी जबाब लिहून दिला: ही ती व्यक्ती नाही, आणि ओळख मी तपासली नव्हती. नोकरीत पुष्कळ जबाब लिहिले, पण त्या दोन ओळींना सगळ्यात जास्त वेळ लागला. खटला मागे घेतला गेला. मैत्रिणीवर वेगळा गुन्हा दाखल झाला.

कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये नर्सनं माझे आभार मानले. मग विचारलं, "सर, त्या दिवशी दुसरे कुणी अधिकारी असते आणि त्यांना तिचा चेहरा आठवला नसता तर?"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही नाव पडताळल्याशिवाय लिहिलं नाही.