पट्टा दिवाळीनंतर बदलू

किस्से आम्ही काही मुद्दाम जमवले नाहीत. परतूरहून आष्टीच्या शाळेत रोज जाणारे चार शिक्षक एका छोट्या गाडीत कोंबले, की ते आपोआप साचतात. अजूनही कुणी भेटलं की मी हसत हसत सांगायला लागते. शेवटपर्यंत हसणं मात्र टिकत नाही.

गाडी चौघांनी मिळून घेतलेली, सेकंडहँड, पांढरी. स्टिअरिंगवर बोराडे सर, कारण घरी ट्रॅक्टर असल्यामुळे ड्रायव्हिंग त्यांनाच येत होतं. शेजारी गणिताचे काझी सर. मागं इतिहासाचे साळवे सर आणि मी, मराठीची बाई.

पहिल्याच दिवशी साळवे सरांनी गाडीसोबत आलेलं पुस्तक वाचून दाखवलं. ऑइल इतक्या किलोमीटरला, फिल्टर इतक्याला, ब्रेक इतक्याला!

बोराडे सर वैतागले. "सर, ही गाडी हाय का बाळंतीण? किती जपायचं!"

•

ऑइल बदलायची वेळ बोराडे सरांनी दोनदा टाळली. "आहे ना त्यात ऑइल! मंग बदलायचं कशाला?"

शेवटी गॅरेजवाल्या शेखभाईनं ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून दाखवली. काळंकुट्ट! काझी सरांनी त्याला करंगळी लावली आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई, शाळेचा फळा रंगवायचा राह्यलाय ना? बराबर काम झालं!"

•

परतूरला कापसाचा सीझन सुरू झाला की रस्ताभर कापूस उडायचा. एकदा गाडी चढच चढेना. एअर फिल्टर कधी साफ केला होता, हे चौघांपैकी कुणालाच सांगता येईना. शेखभाईनं तो उघडला, तर आत उशी भरावी एवढा कापूस!

साळवे सर फार कमी बोलायचे. त्या दिवशी म्हणाले, "बोराडे सर, यंदा शेतापेक्षा इथंच जास्त पिकलंय."

•

रेडिएटरचं पाणी दर सोमवारी बघायचं काम काझी सरांकडं. रमजानच्या उन्हात ते एक सोमवार विसरले आणि रस्त्यातच बॉनेटमधून वाफ निघाली.

बोराडे सर खाली उतरून ओरडले, "काझी सर, गाडीला पण रोजा धरायला लावला का?"

घामाघूम काझी सर म्हणाले, "तिला न्हाई जमायचं! जल्दी पाणी पाजा!"

•

इथवर सगळे हसतात.

इंजिनात एक रबरी पट्टा असतो. तो तुटला की गाडी जागेवर बंद. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून ठरलेल्या किलोमीटरला बदलूनच टाकायचा. शेखभाई पोळ्यापासून सांगत होता. साळवे सरांनीही दोनदा आठवण केली.

"गाडी मस्त पळून राह्यली, सर," बोराडे म्हणाले. "पट्टा दिवाळीनंतर बदलू."

साळवे सरांची मुलगी सुजाता हुशार. नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत जालन्याला होती. बोराडे सरच हट्टानं म्हणाले, "पोरीला एस्टीत कशाला नेता? आपली गाडी कशासाठी हाय?" सकाळीच तिघं निघाले. ती नवा ड्रेस घालून मागं बसली होती.

वाटूरच्या पुढं पट्टा तुटला.

बोराडे सर रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. एस्टी भरलेली, थांबली नाही. शेवटी एका टेम्पोवाल्यानं घेतलं. तिघं पोचले तेव्हा यादी संपली होती आणि साहेब उठले होते. बोराडे सरांनी शिपायापुढं हात जोडले. सुजाता म्हणाली, "काका, राहू द्या ना."

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा साळवे सर नेहमीसारखे माझ्या शेजारी येऊन बसले. बोराडे सर मात्र आष्टीपर्यंत आरशात बघू शकले नाहीत.

•

त्यानंतर बोराडे सरांचं काही खरं राहिलं नाही. ऑइल वेळेच्या आधी, ब्रेक वेळेच्या आधी. पट्टा तर दरवर्षी नवा! शेखभाई वैतागून म्हणाला, "सर, आता तुमचीच सर्व्हिसिंग करावी लागते!"

एरवी या वाक्याला सगळी गाडी हसली असती.

•

आम्ही एकेक करून रिटायर झालो. गाडीचा पत्रा गंजला. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका भंगारवाल्याशी बोलणं झालं. तो टेम्पो पाठवतो म्हणाला.

बोराडे सरांनी टेम्पो नको म्हणून कळवलं आणि गाडी गॅरेजला नेली. ऑइल, फिल्टर, पाणी, नवा पट्टा, सगळं!

शेखभाई कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, उद्या हिला वितळवणार हायेत!"

"उद्या ना? जालन्याला तर आज जायचंय."

मग ते साळवे सरांच्या दारात गेले. काझी सर आणि मी आधीच गाडीत होतो. हॉर्न न वाजवता, खाली उतरून त्यांनी विचारलं, "सर, येता का जालन्याला?"

साळवे सरांनी चपला घातल्या आणि येऊन बसले. वाटूर मागं पडलं.

भंगारवाल्याच्या गेटापाशी बोराडे सरांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली, पण खाली उतरेनात.

साळवे सरांनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "वेळेत आलो, सर."